बारा गावचं पाणी प्यालेलं ख्रिस्ती घराणं

पनवेल-रोहा मार्गावर आपटा सोडलं की पुढचं स्टेशन जिते. मग हमरापूर, मग पेण. गणपतीच्या मूर्ती, पोहे आणि पापड यांचा हा मुलूख. इथे चर्चच्या गोष्टी शोधायला कोण येणार? पण गंमत बघा. चर्चला जाणारं कुणी गावात असो वा नसो, कॅथलिकांच्या नकाशावर जिते एकाच वेळी किमान दोन बिशपांच्या हद्दीत येतं. लॅटिन रीतीचे असाल तर तुमचा धर्मप्रांत मुंबई, केरळातल्या सिरो-मलबार रीतीचे असाल तर कल्याण. पोप दोघांचा एकच. प्रोटेस्टंट असाल तर विषयच वेगळा. तुमची मंडळी वेगळी आणि पाळकही वेगळे.

ख्रिस्ती माणसं चर्चला कुटुंब म्हणतात. कुटुंब म्हटलं की भाऊबंदकी आली, वाटण्या आल्या, रुसवेफुगवे आले आणि सणाला एका पंगतीत बसणंही आलं. आपल्याकडचं हे कुटुंब तर अठरापगड आहे. वसईत डाबरे, लोपीस, परेरा. नगरकडे गायकवाड, शिंदे, साळवे. एकाकडे फादर आणि मिस्सा, दुसऱ्याकडे पाळक आणि उपासना. या घराण्यातल्या काही चटकदार गोष्टी, वंशावळीचा क्रम न पाळता.

घरात पोर्तुगीज, बाजारात मराठी

रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. वर किल्ला, पायथ्याशी गाव, आणि गावात अवर लेडी ऑफ माउंट कार्मेलचं चर्च. इथली ख्रिस्ती घरं आजही जी बोली बोलतात, तिला ती ‘नो लिंग’ म्हणतात. बाहेरचे तिला क्रिस्टी म्हणतात. मुळात ती पोर्तुगीज. पण पोर्तुगीजांनी १७४० मध्ये चौल सोडलं, तेव्हापासून तिचा माहेरशी संबंध तुटला आणि पुढची पावणेतीनशे-तीनशे वर्षं ती मराठीच्या शेजारात नांदली. परिणाम असा की शब्द लिस्बनचे, वाक्यरचना रायगडची. क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं. बोलणारे जेमतेम हजाराच्या घरात आहेत. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या एवढ्याशा गावाच्या बोलीवर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. घरात ‘नो लिंग’ आणि चर्चमध्ये मराठी मिस्सा, असा हा दुहेरी संसार आहे.

समोरच्या रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांतून डोकं वर काढणारा सातखणी मनोरा हाही चर्चचाच अवशेष. फ्रान्सिस्कनांच्या सेंट बार्बरा चर्चचा तो मनोरा. पर्यटक त्याला किल्ल्याचा बुरूज समजून फोटो काढतात. त्यांचा दोष नाही, पाटी वाचायला वेळ कुणाला आहे!

पेणकरांच्या हाती जुना करार

रायगडच्या बेने इस्रायल ज्यूंची आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, चेऊलकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले ते यांना ख्रिस्ती करायच्या उमेदीने. शाळा काढल्या, बेने इस्रायल शिक्षक नेमले, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. या लोकांना आपलं धर्मशास्त्र आपल्या भाषेत वाचायला मिळालं ते मिशनऱ्यांच्या मराठी भाषांतरातून.

मग झालं काय? ख्रिस्ती अगदी मोजके झाले. बाकीचे हिब्रू शिकून आधीपेक्षा पक्के ज्यू झाले. पेणला १८६३ चं सिनेगॉग आहे. मिशनऱ्यांचा बेत फसला, पण शिकवणी कामी आली. कुटुंबातल्या थोरल्या चुलत्याला त्याचीच हरवलेली चोपडी परत करावी, तसं काहीसं झालं.

कल्याणचा बिशप, नेमणूक इराणची

‘ख्रिस्ती धर्म आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला’ हे वाक्य शाळेपासून कानावर पडतं. त्याला इथेच टाचणी लावू या. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की कॅलियाना इथे एक बिशप असतो आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. हे कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. काही केरळातल्या कोल्लमकडे बोट दाखवतात. त्यानंतर सुमारे १४०० वर्षांनी, १९८८ साली, केरळी सिरो-मलबार चर्चने महाराष्ट्रासाठी धर्मप्रांत स्थापला तो नेमका कल्याणलाच. त्याची परंपराही पर्शियातल्या त्याच पूर्व सिरियाक शाखेची. म्हणजे पत्ता तोच, मधली चौदा शतकं वजा.

ठाण्याची गोष्ट याहून थरारक. १३२१ मध्ये चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले. राहिले कुणाकडे? आधीपासून तिथे असलेल्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे. रोमच्या लेखी नेस्टोरियन म्हणजे पाखंडी! पण परमुलखात पाहुणचार आधी, पंथ नंतर. चौघे ठाण्यातच मारले गेले. त्यांच्या अस्थी जमवल्या जॉर्डानस या डॉमिनिकन साधूने, आणि पुढे ओडोरिक नावाच्या इटालियन फ्रान्सिस्कनाने त्या जहाजातून थेट चीनला नेल्या. वास्को द गामा जन्मायला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं अवकाश होता.

वसईचा मुलगा, नागासाकीचा क्रूस

भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत वसईचा. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. तो जपानला गेला, व्यापार केला, जपानी उत्तम शिकला, मग फ्रान्सिस्कन बंधू होऊन दुभाष्याचं काम करू लागला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यात तो होता. त्या सव्वीसांत बहुतेक जपानी, बाकी स्पेनचे, मेक्सिकोचा एक आणि आपला वसईकर. संतपद मिळालं १८६२ मध्ये. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे; तिथल्या किती पोरांना आपल्या कॉलेजच्या संताला जपानी येत होतं हे ठाऊक असेल, देव जाणे.

पुराण लिहिणारा साहेब

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतात. इंग्लंडात तेव्हा कॅथलिकांना थारा नव्हता. मायदेशातून बाहेर पडलेल्या या माणसाने घर केलं ते ओवीत. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं. जवळजवळ ११ हजार ओव्या, मराठी, पण लिपी रोमन. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात बायबल सांगायचं हे साहेबाला सुचलं, हीच कमाल. पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही.

दुसरा साहेब विल्यम केरी, जातीचा बाप्टिस्ट, मूळ धंदा चांभारकीचा. त्याने १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापला श्रीरामपूरला. नगर जिल्ह्यातल्या नव्हे, बंगालातल्या! मदतीला पंडित वैजनाथ. म्हणजे इंग्रज बाप्टिस्ट, मराठी ब्राह्मण आणि बंगाली छापखाना. आपल्या नगरच्या श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव मात्र मतमाउलीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध. सप्टेंबरात तिथे जी गर्दी लोटते, तिच्यात नवस फेडायला आलेले बिगरख्रिस्तीही भरपूर असतात.

लिव्हिंगस्टनची अंत्ययात्रा आणि नाशिकची पोरं

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. ‘शरणपूर’ कुठून आलं हे विचारायला कुणी थांबत नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये इथे ख्रिस्ती वसाहत उभारली. ब्रिटिश नौदलाने अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली की सुटका झालेल्या आफ्रिकन मुलांना ठेवायचं कुठे, हा प्रश्न असे. बरीच मुलं नाशिकला आली. इथे ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, इंग्रजी शिकली, गोदावरीचं पाणी प्याली.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. प्रसिद्ध शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या पोटात, चितांबोच्या गावात वारले तेव्हा जेकब त्यांच्या ताफ्यात होता. सहकाऱ्यांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, आणि जेकबने प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला. झाडाच्या बुंध्यावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. मग देह उन्हात वाळवून, सालीत गुंडाळून या लोकांनी तो कित्येक महिने चालत समुद्रकाठी आणला. वाटेत रोगराई, हल्ले, ‘प्रेत आमच्या हद्दीतून नेऊ नका’ म्हणणारी गावं. ताफ्याचं नेतृत्व करणाऱ्यांपैकी चुमा हाही मुंबईच्या शाळेत शिकलेला, त्याच हिब्रू व्याकरणवाल्या जॉन विल्सन यांच्या.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता. लिव्हिंगस्टन स्कॉटलंडचा काँग्रिगेशनल, जेकब आफ्रिकेतला, शिकलेला अँग्लिकनांच्या नाशिक शाळेत. वर्षभराने मोंबासाजवळ मुक्त गुलामांची फ्रीअरटाऊन नावाची वस्ती निघाली. ती उभी करणारे विल्यम प्राइस हे नाशिकच्याच शरणपूरचे मिशनरी, आणि त्यांच्या हाताखाली नाशिकला शिकलेले कारागीर. या गोष्टीवर मराठीत अजून एक धड सिनेमा नाही, हे मात्र खटकतं.

केडगावची प्रार्थना, चिलीचं चर्च

पंडिता रमाबाई संस्कृतच्या पंडित, बाप्तिस्मा इंग्लंडात अँग्लिकनांकडे (१८८३), मदत सगळ्या पंथांच्या अमेरिकनांची, आणि काम केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. ‘तुम्ही नक्की कुठल्या चर्चच्या?’ या प्रश्नाने त्यांचा फार छळ केला. लेबल लावून घ्यायला त्या कधी राजी झाल्या नाहीत.

१९०५ च्या जूनमध्ये मुक्तीतल्या मुली प्रार्थनेत हेलावून गेल्या. शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कुणी रडतंय, कुणी हसतंय. या मुलींत बहुतेक दुष्काळातून वाचलेल्या, कितीतरी बालविधवा. तिथे काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या मेथडिस्ट बाईंनी या प्रसंगावर एक पुस्तिका लिहिली आणि चिलीत वालपरायसोला राहणाऱ्या आपल्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ही मैत्रीण म्हणजे तिथले मेथडिस्ट पाद्री विलिस हूवर यांची बायको. नवरा-बायकोंनी वाचलं, मंडळीला वाचून दाखवलं, आणि १९०९ मध्ये वालपरायसोतही तेच घडलं. मिशनच्या वरिष्ठांना ते मानवलं नाही. १९१० मध्ये हूवर आणि त्यांचे लोक वेगळे झाले. चिलीतल्या पेंटेकोस्टल चर्चचं मूळ तिथे आहे. पुणे जिल्ह्यातल्या निराधार पोरींनी दक्षिण अमेरिकेच्या एका देशाचा धार्मिक नकाशा बदलायला हातभार लावला, आणि आपल्याकडे दौंड लाइनवरच्या प्रवाशालाही याचा पत्ता नाही.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. बायबल बाहेर आलं १९२४ मध्ये. रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या.

आगगाडीतला अनोळखी

कवी नारायण वामन टिळक १८९३ मध्ये राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि ‘दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल’ असं भाकीत करून टाकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो प्रवासी कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

टिळकांची अभंगाच्या वळणाची गीतं ‘उपासना संगीत’मधून मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत आजही टाळ-पेटीवर गायली जातात. पण मला त्यांचं शेवटचं धाडस जास्त आवडतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे प्रवेश. मिशनऱ्यांच्या भुवया वर गेल्याच. दीड-दोन वर्षांत, मे १९१९ मध्ये, टिळक वारले. दरबार पुढे टिकला नाही, पण कल्पना काळाच्या किती पुढची होती! त्यांचं अपुरं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नवऱ्याचे ११ अध्याय, बायकोचे ६४. मोजून घ्या.

पश्चिम किनाऱ्यावरचे ईस्ट इंडियन

मुंबई, साष्टी, ठाण्याकडचे मूळचे मराठी कॅथलिक स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवतात. राहतात पश्चिमेला! कारण रोकडं आहे. गोव्याहून आणि मंगळूरहून ख्रिस्ती नोकरदार मुंबईत आले, नोकऱ्यांत चुरस लागली. तेव्हा ‘आम्ही इथलेच, ईस्ट इंडिया कंपनीच्या वेळेपासूनचे’ हे सांगायला १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून, हे नाव घेतलं. म्हणजे भावाभावांत ओळखपत्राचा तंटा.

यांच्या लग्नात आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायची रीत आहे. पावसाळ्याआधी मसाला कांडून गडद बाटल्यांत ठासून भरायचा, म्हणून तो बाटली मसाला. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं आणि मेणाची घरंसुद्धा वाहतात. ज्याचा नवस ज्या गोष्टीचा, त्याची मेणबत्ती त्या आकाराची. मुंबईतल्या घरांचे भाव पाहता मेणाच्या घरांना मागणी का, हे वेगळं सांगायला नको.

चहा आणि बिस्किटं

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे, गोखले प्रभृती व्याख्यानाला गेले. पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी नुसतं हाताळलं. नावं वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य (जातीबहिष्काराचा खटला) झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. पंगतीला कुणासोबत बसायचं, हा प्रश्न तेव्हा इतका जड होता. चर्चच्या आतही तो सुटला असं कुणी म्हणू नये: वेदीपुढे सगळे शेजारी गुडघे टेकतात, पण सोयरीक जुळवायची म्हटली की जात आणि पंथ दोन्ही हळूच विचारले जातात.

सहा चुली, एक घर

या कुटुंबाने एकत्र यायचा सगळ्यात मोठा प्रयोग केला तो नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा प्रोटेस्टंट चर्चेस विलीन होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेसबिटेरियनांचं आधीच झालेलं संयुक्त चर्च, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स. बोलणी सुरू झाली होती १९२९ मध्ये. एक्केचाळीस वर्षं!

इतका वेळ का लागला? एक वाद ऐका. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट म्हणतात, कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा कसला? दोघांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा मुद्दा. नागपूरकरांनी तोड काढली: दोन्ही चालतील. आईबापांनी ठरवावं. दुसरा वाद बिशपांचा. काहींना बिशप हवेत, काहींची प्रत्येक मंडळी आपल्यापुरती मुखत्यार. बिशप ठेवले, पण सगळ्यांच्या मताने निवडलेले.

लग्नाच्या मांडवात रुसणारा पाहुणा असतोच. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च ऐन वेळी, त्याच वर्षी, बाजूला झालं. आणि गुजरातेतल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचा निकाल लागला २०१३ मध्ये. एकत्र यायला एक्केचाळीस वर्षं लागली आणि मिळकतीचा निकाल लागायला त्रेचाळीस. तरीही मी हा प्रयोग यशस्वीच मानतो. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून युरोपात माणसं बुडवून मारली गेली होती. इथे एकाच चर्चमध्ये दोन्ही रीती सुखाने चालतात.

जाता जाता

चर्चगेट स्टेशनचं नाव ज्या चर्चवरून, ते स्टेशनाजवळ नाहीच. ते फोर्टमधलं सेंट थॉमस, १७१८ च्या नाताळात उघडलेलं. त्याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा म्हणजे चर्च गेट. दरवाजा गेला, नाव उरलं.

फोर्टमध्येच आर्मेनियन लोकांचं १७९६ चं सेंट पीटर चर्च आहे. आर्मेनियन नाताळ ६ जानेवारीला असतो. म्हणजे या कुटुंबात केक दोनदा खाता येतो.

प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्या ७३. मराठी बायबल उसनं मागताना आधी विचारा.

१८४२ मध्ये नगरला सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ आजही निघतं. मराठीत इतकं दीर्घायुषी नियतकालिक दुसरं नाही. आणि बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी मानतात, विषय हिंदू विधवांचे हाल.

‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कॅथलिक धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा जगभरचे बरेच ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा म्हणून पाळतात. १९०८ मध्ये न्यूयॉर्कजवळ ही प्रथा सुरू झाली. आपल्या गावात किंवा तालुक्याला जे चर्च असेल, कुठल्याही पंथाचं, त्या आठवड्यात एकदा आत डोकावून या. बहुतेक ठिकाणी चहा मिळतो, आणि आता ग्रामण्य होत नाही.